कांदा बघायला

आमच्या विंचुराला तीनपाटी आहे. एक रस्ता निफाडवरून नाशिकला जातो, एक येवल्यावरून संभाजीनगरकडे आणि एक लासलगावला. नवखा माणूस एसटीतून उतरून 'आता कुठं?' अशा चेहऱ्याने उभा राहिला, की टपरीवरची चार माणसं त्याला चार रस्ते सांगतात. रस्ते तीनच आहेत, ही गोष्ट त्यांच्या आड येत नाही. मानसशास्त्रात एम. ए. करून २०२३ च्या उन्हाळ्यात मी याच तीनपाटीवर बॅगेसकट उतरले. तेव्हापासून मला रस्ता दाखवणाऱ्यांची मोजदाद करायची तर ग्रामपंचायतीची मतदारयादी घेऊनच बसावं लागेल.

"काय शिकून आली म्हणे पोरगी?" टपरीवर कोणीतरी तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, विचारलं.

"मानसशास्त्र."

"म्हणजे माणसांचंच ना? मंग बरंय. आमचा धाकटा जनावरांचं करू राह्यलाय."

गावाने मला दिलेला हा पहिला दर्जा. जनावरांच्या डॉक्टरपेक्षा बोटभर वर. महिन्याभरात तोही खाली आला, कारण जनावरांचा डॉक्टर निदान इंजेक्शन तरी देतो.

"मंग माझ्या मनात काय चाललंय, सांग बरं," हे मला पहिल्या आठवड्यातच इतक्यांनी विचारलं की मी मोजणं सोडलं. सुरुवातीला मी नीट समजावून सांगायचे. मानसशास्त्र म्हणजे वर्तनाचा शास्त्रीय अभ्यास, १८७९ साली जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांनी प्रयोगशाळा काढली तेव्हापासून... इथवर आलं की समोरचा माणूस एसटी आल्यासारखा रस्त्याकडे बघायला लागायचा. मग मी पद्धत बदलली. जून ते सप्टेंबरात कोणी विचारलं की डोळे बारीक करून म्हणायचं, "उधारी." ऑक्टोबरात म्हणायचं, "छाटणी." द्राक्षाचे मणी फुगायला लागले की "ढग." बाकी वर्षभर नुसतं "भाव." माणूस दचकतो. शेजारच्याला कोपर मारतो. बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकी प्राध्यापकाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना एकच वर्णन 'हे खास तुझ्या स्वभावाचं' म्हणून वाटलं, आणि पोरांनी त्या अचूकपणाला पाचापैकी सरासरी चाराहून जास्त गुण दिले. वर्णन त्याने स्टॉलवरच्या भविष्याच्या पुस्तकातून उचललं होतं. १९४९ साली त्याचा लेख छापून आला. फोररला त्यासाठी परिच्छेदच्या परिच्छेद लिहावे लागले. मला चार शब्दांत अख्खा निफाड तालुका पुरतो.

या विषयात मी आले कशी, हेही सांगून टाकते, कारण करिअरचं नियोजन म्हणतात ते यापेक्षा फारसं वेगळं नसतं. २०१६ साली बोर्डाने दहावीच्या पोरांची कलचाचणी सुरू केली. त्या पहिल्या घाण्यातली मी. शेतकऱ्याच्या घरात जन्मून माझा कल 'कृषी'कडे निघाला नाही. 'गणवेशधारी सेवा' निघाला. नानांनी, म्हणजे वडिलांनी, तो कागद देव्हाऱ्याशेजारी ठेवला आणि बारावी होताच मला पहाटे पाचला हायवेच्या कडेने पळायला लावलं. आजी ओट्यावरून रोज विचारायची, "कोण मागं लागलंय गं हिच्या?" दोन महिने पळाले. मग समजलं, पोलीस भरतीला मुलींना १५५ सेंटिमीटर उंची लागते आणि मी दोन सेंटिमीटरने कमी आहे. पळून उंची वाढत नाही, हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. कलचाचणीत उंचीचा प्रश्न नव्हता.

बी. ए. च्या प्रवेशाला मराठी आणि राज्यशास्त्राच्या खिडकीवर लांबलचक रांग होती. मानसशास्त्राच्या खिडकीवर तीन पोरी उभ्या होत्या. ऊन फार होतं.

दुसऱ्या वर्षाला करोना आला, आणि कॉलेजने सांगितलं की प्रात्यक्षिकं घरातल्या माणसांवर करा. मानसशास्त्राच्या प्रयोगात ज्याच्यावर प्रयोग होतो त्याला 'प्रयुक्त' म्हणतात. आमच्या घरात तीन प्रयुक्त होते आणि तिघांनाही कामं होती. पहिला प्रयोग म्युलर-लायर भ्रमाचा. दोन सारख्याच लांबीच्या रेघा, एकीच्या टोकांना बाण आत वळलेले, दुसरीच्या बाहेर. बघणाऱ्याला एक रेघ लांब वाटते. मी कागद नानांपुढे धरला. नाना उठले, बागेत ओळी आखायचा टेप आणला आणि दोन्ही रेघा मोजल्या.

"सारख्याच हायेत."

"नाना, मोजायचं नाही. डोळ्यांना कशा वाटतात ते सांगा."

"डोळ्यांच्या भरवशावर राह्यलो असतो तर बांध केव्हाच शेजाऱ्याने खाल्ला असता."

दुसरा प्रयोग शब्दसाहचर्याचा, कार्ल युंगच्या पठडीतला. मी शब्द उच्चारायचा, प्रयुक्ताने मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा, आणि मधला वेळ स्टॉपवॉचवर टिपायचा. प्रयुक्त आजी. ती लसूण सोलत होती.

"पाऊस."

"कधी?"

"पांढरं."

"भुरी." द्राक्षावरचा रोग. घरात दुसरं काही पांढरं असतं हे तिच्या गावीही नव्हतं.

"आई."

"तिला सांग, दूध उतू चाललंय."

"लग्न."

"तुझं." हे उत्तर मी घड्याळ सुरू करायच्या आधी आलं. वहीत वेळ शून्य लिहावा लागला.

"झोप."

आजी थांबली. हातातली पाकळी सोलून झाली, दुसरी झाली. मग म्हणाली, "लागत नाही." मी वहीत ११ सेकंद लिहिलं आणि पुढचा शब्द वाचला. तेव्हा मला तेवढंच शिकवलं होतं.

एम. ए. ला पुण्याला गेले. पुण्यात विंचूर सांगितलं की लोक विचारतात, "हे कुठं आलं?" आणि विंचूरकर वाडा म्हटलं की लगेच, "हो हो, टिळकांचा गणपती, १८९४." आमच्या गावाच्या जहागीरदारांचा वाडा पुण्यात प्रसिद्ध, पण त्यांच्या नावातलं गाव नकाशावर शोधावं लागतं. सरदार विठ्ठल शिवदेव पानिपतावर लढून जिवंत परत आले होते. पुण्याहून मानसशास्त्र घेऊन परत येण्यापेक्षा ते सोपं असावं, कारण परत आल्यावर 'आता पुढं काय?' हे त्यांना कोणी विचारलं नसणार.

शेवटच्या सत्रात आम्हाला पडद्यावर एक चित्र दाखवलं होतं. मध्ये पदवीची टोपी, आणि तिच्यातून चहूकडे बाण सुटलेले: चिकित्सा, समुपदेशन, उद्योग, शाळा, न्यायवैद्यक, क्रीडा, संशोधन. सगळे बाण वरच्या दिशेने. एकही बाण लासलगाव रस्त्याला वळत नव्हता. मी ते चित्र मोबाइलमध्ये काढून आणलं आणि घरी आल्यावर नानांपुढे धरलं. या खेपेला त्यांनी टेप आणला नाही. वरच्या पहिल्याच बाणावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. पण तशी पाटी लावायची तर भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी लागते. त्यासाठी एम. ए. नंतर अजून दोन वर्षांचं एम. फिल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही तेच लिहिलंय. जागा मूठभर, परीक्षेला देशभरातली पोरं. बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या ठिकाणी तर विचारूच नका."

"आणि ते झालं म्हणजे तू गोळ्या देणार."

"नाही. गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ देतात. ते एमबीबीएस होऊन एम. डी. झालेले असतात."

"एवढं शिकून गोळी नाही? मंग देणार काय?"

"ऐकणार."

"नुसतं ऐकायला दोन वर्षं शिकायचं?"

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "तुम्हाला तीस वर्षं झाली, अजून आलेलं नाही."

नाना थोडा वेळ बागेकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, की लायसन नसताना लोकांशी नुसतं बोलायला कोणी धरतं का. म्हटलं, 'समुपदेशक' अशी पाटी उद्या कोणीही लावली तर त्याला फारसं कोणी अडवत नाही. नानांना हे पटेना. "फवारणीचं दुकान टाकायचं तर लायसन लागतं, भो. शिकलेला माणूस दाखवावा लागतो. करप्याचं औषध विकायला कागद आणि माणसाच्या डोक्यात हात घालायला काहीच नाही?" या विषयावर मी पुण्यात दोन परिसंवाद ऐकले होते. दोन्हींमध्ये मिळून एवढं स्पष्ट कोणी बोललं नव्हतं.

एम. फिल. ची गंमत पुढेच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एम. फिल. ही पदवीच बंद केली. मग लक्षात आलं की क्लिनिकल सायकॉलॉजीवाल्यांची नोंदणी नेमकी तिच्यावर अवलंबून आहे. तेव्हा तेवढ्यापुरती मुदत वाढवून दिली. पुण्याच्या मैत्रिणी यावर हवालदिल झाल्या होत्या. आम्हा विंचूरकरांना त्यात काही नवं वाटलं नाही. आधी बंदी, मग ओरड, मग तात्पुरती सूट: आम्ही लहानपणापासून कांद्याच्या निर्यातीवर हाच अभ्यासक्रम शिकत आलो आहोत.

इतर बाणांचं थोडक्यात सांगते. उद्योगाचा बाण जवळ होता. विंचुरातच वाइन पार्क आहे, एमआयडीसीने वसवलेला. तिथे कुठे एच. आर. ची जागा निघते का ते बघावं, असं मी जेवताना म्हटलं. आजीने ताट सरकवलं. "दारूच्या कारखान्यात माणसं सांभाळणार?" वाइन म्हणजे दारू नव्हे, ते द्राक्षाचंच, असं सांगायला गेले तर म्हणाली, "काकवी बी उसाचीच असती आणि दुसरं बी." तात्यांना मात्र या बोलण्यातून धंदा सुचला. वाइन पार्कच्या बरोबर समोर मी व्यसनमुक्ती केंद्र काढावं. "इकडून निघतील, तिकडं घेशील. वाहतूक खर्च नाही." मी तात्यांना पुण्याच्या मुक्तांगणबद्दल सांगितलं. १९८६ पासून ते चालू आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी उभं केलं. आम्ही वर्गाबरोबर ते बघायला गेलो होतो. व्यसन सुटायला माणसाच्या भोवती किती माणसं लागतात, ते तिथे दिसतं. तात्या म्हणाले, "माणसं काय, आपल्याकडं पडलेलीच हायेत."

सरकारी बाणही होता. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे, त्यात सायकॉलॉजिस्टची जागाही असते. जागा बहुतेक कंत्राटी. कंत्राट संपलं की पुन्हा अर्ज. यावर नाना एवढंच म्हणाले, "म्हणजे दर हंगामाला नव्याने लागण."

शेवटी मी शाळेचा बाण धरला. एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत समुपदेशक म्हणून लागले. शाळेचं नाव नको. मुलाखतीत मला विचारलं, "तुमची थिअरी कोणती?" मी कार्ल रॉजर्सचं व्यक्तिकेंद्री समुपदेशन सांगितलं. ते म्हणाले, "छान. गॅदरिंगचं सूत्रसंचालन जमेल ना?" मला एक खोली मिळाली. दारावर 'समुपदेशन कक्ष', आत क्रीडा साहित्य. पहिला विद्यार्थी बोलायला बसला तो लेझमाच्या ढिगावर. हलला की खुळखुळायचा. माझ्या चौकटीत इतिहासाचे मोकळे तास, सोमवारी नखं तपासणी आणि रोज संध्याकाळी बसची ड्यूटी. वर्गात शिक्षक पोरांना माझ्या नावाने धमकवायचे: "गप बसतोस का पाठवू मॅडमकडे?" रॉजर्स यांनी १९५७ साली माणूस बदलायला लागणाऱ्या अटी लिहिल्या, त्यात बिनशर्त स्वीकार होता. नखं तपासताना बिनशर्त स्वीकार जमत नाही. पाच महिन्यांनी मी बस ड्यूटीवरून थेट घरी आले. बस आमच्याच रस्त्याने जाते.

तोवर डिसेंबर उजाडला होता. ८ डिसेंबर २०२३. नानांची लाल कांद्याची ट्रॉली भरून दारात उभी, आणि सकाळी मोबाइलवर निर्यातबंदीची बातमी. मी ट्रॉलीच्या चाकापाशी बसले होते. मला एकदम स्किनर आठवला. कबुतराला ठरावीक चोची मारल्यावर दाणा मिळत राहिला तर ते हिशेबाने टोचतं. पण कधी तिसऱ्या चोचीला, कधी तिसाव्या, कधी तीनशेव्या असा बेभरवशाचा दाणा मिळाला, तर ते टोचायचं थांबतच नाही. पुढे दाणा पूर्ण बंद केला तरी कितीतरी वेळ टोचत राहतं. फर्स्टर आणि स्किनर यांचं जाडजूड पुस्तक १९५७ साली निघालं. आख्ख्या जुगाराचं गणित त्यात आहे. मी नानांना सांगितलं, की आपण कांदा का लावत राहतो ते मला कळलं.

नानांनी पूर्ण ऐकलं. "त्या कबुतराचं सोसायटीचं कर्ज थकलं होतं का?"

"नाही."

"मंग त्याचं आणि आपलं नको लावू."

लिलावाचंही असंच. दोन ट्रॉल्यांच्या मधून व्यापाऱ्यांचा घोळका सरकत येतो. पहिला माणूस कांदा उचलतो, अंगठ्याने मान दाबतो, साल उडवतो आणि तोंड असं करतो, जसं काही त्या कांद्याने त्याच्या सोयऱ्यांबद्दल वाकडं बोलावं. मग एक आकडा टाकतो. तो आकडा खरा नाही हे सगळ्यांना माहीत असतं, तरी पुढची अख्खी बोली त्या खुंट्याभोवतीच फिरते. अमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन यांनी हे १९७४ मध्ये मांडलं. त्यांनी कांदे नव्हे, आकड्यांचं चाक फिरवलं होतं, इतकाच फरक. पुढचा धडा व्यापाऱ्याच्या खळ्यावर. चिठ्ठी मिळालेली, ट्रॉली अर्धी खाली झालेली, आणि तिथला माणूस म्हणतो, "भाऊ, वर माल वेगळा होता, खाली बारकी गोल्टी निघू राह्यली." आता अर्धा कांदा जमिनीवर, अर्धा ट्रॉलीत. पुन्हा भरायचा तर हमाली. नाना क्विंटलमागं शंभर रुपये सोडतात. माणसाचा होकार आधी पक्का करून घ्यायचा आणि मग व्यवहार बदलायचा, याला रॉबर्ट सियालडिनी आणि मंडळींनी १९७८ मध्ये 'लो-बॉल' म्हटलं. त्याच रात्री मी नानांना हे तपशिलाने सांगितलं.

"आधी नाव ठाऊक असतं तर शंभर वाचले असते का?"

मी म्हटलं, नसते.

"मंग नाव त्यांना सांगून ये. खूश होतील."

कानमन यांना पुढे नोबेल मिळालं, २००२ मध्ये, हे मी मोठ्या अभिमानाने सांगितलं. आमच्या विषयाचा माणूस. नानांनी विचारलं, "मानसशास्त्राचं नोबेल?" मानसशास्त्राला नोबेल नसतं, त्यांना अर्थशास्त्राचं मिळालं. नाना आईकडे वळून म्हणाले, "बघ. मी पहिल्यापासून सांगत होतो, कॉमर्सला घाल."

दरम्यान आजीच्या शून्य सेकंदाच्या उत्तरावर काम सुरू झालं होतं. मध्यस्थ मामांनी माझ्या बायोडाटात शिक्षणासमोर 'टीचर लाईन' लिहिलं. मानसशास्त्र लिहिलं की सासरकडची माणसं बिचकतात, म्हणाले. एका पाहुण्यांनी फोनवर विचारलंच: "मुलगी घरात बसल्या बसल्या कोणाच्या मनातलं ओळखणार तर नाही ना?" शेवटी एक मुलगा आला. आठ एकर बाग, स्वतःचा ट्रॅक्टर, बोलायला सभ्य. आमच्याकडे हल्ली शेती करणाऱ्या पोरांना मुली मिळत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त पोरांसमोर बोलत नाहीत. पोहे झाले, मोठी माणसं बाहेर गेली, आणि मी सवयीने विचारलं, "कसं चाललंय?" एवढंच. त्याने पहिल्यांदा भाव सांगितला. मग गारपीट सांगितली. मग आजवर नाही म्हणालेल्या चौदा मुली, एकेक करून, प्रत्येकीच्या गावासकट आणि कारणासकट. नवव्या मुलीपाशी त्याचा आवाज जरा बसला. मी पाणी दिलं. सव्वा तास झाला. बाहेर दोन्हीकडचे लोक हरखून गेले होते, पोरं किती बोलतायत. जाताना तो म्हणाला, "लई मोकळं वाटलं, ताई." ताई म्हटल्यावर मध्यस्थ मामांनी कपाळाला हात लावला.

त्याचं पुढच्या वैशाखात लग्न झालं. आम्हाला पत्रिका आली.

दहावीचा निकाल लागला की गावात मला अचानक भाव येतो. मी अभिक्षमता चाचण्या घेते, आवडींच्या चाचण्या घेते. एक गृहस्थ मुलाला घेऊन आले आणि मला बाजूला बोलावून म्हणाले, "टेस्ट बिनधास्त घ्या, पैशाचं बघू नका. फक्त डी. फार्मसी निघालं पाहिजे. ॲडव्हान्स भरून बसलोय." मुलगा दारात मांजराशी खेळत होता. आवडीच्या चाचण्यांमागे जॉन हॉलंड यांची मांडणी असते. माणसांचे सहा प्रकार: हाताने काम करणारे, शोध घेणारे, कलावंत, लोकांत रमणारे, धंदा करणारे आणि कागदपत्रं चोख ठेवणारे. आपला प्रकार ओळखा, तसं काम निवडा. छान आहे. मी ते एकदा नानांना लावून पाहिलं. पहाटे पाचला त्यांनी मोटर उघडून गाळ काढला. सहाला पानाच्या मागची पांढरी बुरशी उन्हात धरून ठरवलं की हा केवडा आहे, भुरी नाही. सातला चाळीत कांद्याचा थर असा रचला, की हवा खेळेल आणि वरून बघणाऱ्याला घाटही दिसेल. साडेआठला दशक्रियेला जाऊन आले, चार भांडणं ऐकली, एक मिटवलं. दहाला दुकानदाराकडून पुढच्या हंगामाची औषधं उधार मिळवली. अकराला सात-बारा, पीक पाहणी आणि आधारची झेरॉक्स घेऊन कुठल्याशा योजनेच्या खिडकीवर उभे. सहाही प्रकार दुपारच्या जेवणाआधी. चाचणीचा निकाल आला तेव्हा सगळे रकाने सारखेच भरलेले. पुस्तक म्हणतं, असा आलेख आला की व्यक्तीचा कल अजून पक्का झालेला नाही असं समजावं. नाना साठ वर्षांचे आहेत.

माझा स्वतःचा कल पक्का झाला, की नुसता रुतला, मला सांगता येणार नाही. सध्या मी सकाळी लासलगावच्या एका क्लासमध्ये शिकवते, दूरस्थ पद्धतीने समुपदेशनाची पदविका करते, आणि परीक्षेचे अर्ज भरते. पुण्याच्या मैत्रिणी विचारतात, प्रॅक्टिस सुरू केलीस का? मी म्हणते, नाही. पाटी नाही, फी नाही, खोली नाही. आहे ती आमची कांद्याची चाळ.

उन्हाळ कांदा एप्रिलात चाळीत पडतो आणि भाव येईल या आशेवर दिवाळीपर्यंत पडून राहतो. या दिवसांत एकमेकांची चाळ बघायला जाणं ही आमच्याकडची रीत आहे. संध्याकाळी कोणीतरी येतं. नाना घरी नसताना येतं. "काही नाही, म्हटलं तुमचा कांदा कसा टिकलाय, जरा बघू." मी बॅटरी घेते. तो माणूस पट्ट्यांमधून हात घालतो, एक कांदा काढतो, मान दाबतो, वास घेतो. कोंब नाही म्हणतो. आमच्याकडं पाऊण चाळ सडली, म्हणतो. मी काही बोलत नाही. ती दोन वर्षं नाही, तरी एवढं शिकलेय. कांदा तो हातात फिरवत राहतो. एक साल निघते, दुसरी निघते. मग सोसायटी निघते, मग भाऊ, मग पोरगी, मग एका रात्री विहिरीकडं गेलो होतो ते. एकदा एक बाई आल्या. त्या तर अर्धा किलो कांदे सोलून गेल्या. आई म्हणाली, उद्या भजी करायची का?

माझ्या आवाक्यातलं नसतं तेव्हा मी तसं सांगते. नाशिकच्या सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी आहे, सोबत येते म्हणते. उत्तर नेहमी एकच: "आणि तिथं कोणी ओळखीचं दिसलं म्हणजे?" मग मी चाळीच्या दाराशेजारच्या खांबाकडं बोट दाखवते. तिथे मी खडूने टेलिमानसचा नंबर लिहून ठेवलाय. १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने चालू केलेली सेवा, फुकट, रात्री-अपरात्रीही, मराठीत बोलता येतं. शेजारी ट्रकवाल्याचा नंबर आणि त्याखाली तारखांनिशी भाव. पहिल्यांदा तो आकडा बघून तात्या थबकले होते. "चौदाशे एक्केचाळीस रुपये सहा पैसे? हा कोणत्या दिवसाचा?"

गेल्या महिन्यात एक जण आले. लांबचे, बघितल्यासारखे. नानांच्याच वयाचे. कांदा बघितला, वास घेतला, ठेवला. पुन्हा उचलला. मी विचारलं, रात्री झोप लागते का? ते गप्प राहिले. मी मनगटाकडं बघितलं नाही. रस्त्यावरून एक गाडी गेली, तिचा उजेड चाळीच्या पट्ट्यांतून आत आला आणि कांद्यांवरून सरकत गेला.

"लागत नाही," ते म्हणाले.

बऱ्याच वेळाने निघताना ते खांबापाशी थांबले. चष्मा पुसला, आकडा नीट वाचला.

"हा भाव उतरायचा नाही ना?"

"नाही काका. हा फिक्स आहे. चोवीस तास."

त्यांनी मोबाइल काढून एकेक आकडा दाबला. नाव टाकायच्या जागी अंगठा अडला. घरातली पोरं मोबाइल बघतात, म्हणाले. मग स्वतःशीच थोडं हसले आणि सावकाश, काना-मात्रा तपासत टाइप केलं: उन्हाळ कांदा.